सुजाताच्या मंडईतला माझा डबा

पल्लवीचा फोन रविवारी येतो. तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते आणि आमच्या साकोलीत रविवारची सकाळ. म्हणून त्या मंगळवारी, शाळेत परिपाठ चालू असताना, मोबाईलवर तिचं नाव दिसलं तेव्हाच काही तरी बिनसलंय हे कळलं. मुलांना प्रार्थना म्हणत सोडून मी हातपंपापाशी गेले. ‘‘आई, सुजामावशी गेली,’’ ती म्हणाली. ऑफिसातच छातीत दुखायला लागलं, माणसं धावली, गाडी आली, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता जे लिहिणार आहे ते लिहायला लाज वाटते, पण ते सोडून पुढचं सांगता येणार नाही. माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आधी आलं ते हे, की मैत्रीण माझी, चड्डी-फ्रॉकच्या वयापासूनची, आणि ती गेल्याचं माझ्या मुलीला माझ्याआधी कळलं. हातपंपाच्या दांड्याला धरून मी उभी होते आणि मेलेल्या माणसावर जळत होते.

सुजाता कॅनडातल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या मदत कार्यालयात काम करायची. पल्लवी, माझी एकुलती एक मुलगी, तिथेच शिकते. सुजाताशी मी जवळजवळ वर्षभर बोलले नव्हते. अबोला माझा होता, तिचा नव्हता. तो कशामुळे होता हे सांगण्यासाठी मला जवाहरनगरच्या क्वार्टरपर्यंत मागे जावं लागेल.

आम्हा दोघींचे वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. क्वार्टर समोरासमोर, एकमेकींच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळायचं. सुजाताचे लोक मूळचे सिहोऱ्याचे, धानाची शेती असलेले. तिच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला आणि तेव्हापासून त्या घरात पोरीबाळींनीही शिकलंच पाहिजे असा दंडक होता. आम्ही ढिवर. वडील नोकरीला लागले तरी माझे मामा अजून तलावात जाळं टाकतात. वर्गात सुजाता पहिली यायची आणि मी दुसरी. दुसरं येण्याचं दुःख पहिल्याला कळत नाही आणि तिसऱ्यालाही कळत नाही. बरं, तिचा राग धरावा तर ती तशी संधीही द्यायची नाही. गणित अडलं की ओट्यावर बसून समजावून सांगायची, आणि मला समजलं की माझ्यापेक्षा जास्त खूश व्हायची. अशा माणसावर जळणं फार अवघड असतं. मी ते आयुष्यभर नेटानं केलं.

तिला एक विचित्र आवड होती, फॉर्म भरायची. शिष्यवृत्तीचा असो, रेशन कार्डाचा असो, कुणाच्या बदलीच्या अर्जाचा असो, शेजारपाजारचे लोक सुट्टीच्या दिवशी कागद घेऊन तिच्या ओट्यावर यायचे. ‘‘खोडाखोड नाही आणि खोटं नाही,’’ एवढे दोनच नियम. माझा डी.एड.चा अर्जसुद्धा तिनंच भरला. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती आणि मी साफ विसरले होते. म्हणजे ज्या नोकरीवर मी आज उभी आहे ती तिच्या अक्षरातून आली. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही... आज पहिल्यांदा लिहिते आहे.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. ज्या त्या गावाचा दिवस ठरलेला. दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, नाटक होतं, आणि घरोघर पाहुण्यांचा राबता असतो. त्या दिवशी दारात आलेल्याला जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही, मग तो ओळखीचा असो की ओळखीच्याच्या ओळखीचा. सिहोऱ्याच्या मंडईला मी दर वर्षी सुजाताबरोबर जायची. परत निघताना तिची आई माझ्या हातात भरलेला डबा द्यायची, आणि आठ दिवसांनी माझी आई तो भरून परत पाठवायची. भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, घरात काही नसलं तर मूठभर साखर घालायची, पण रिकामा नाही. हा रिवाज आम्हाला कुणी शिकवला नाही. तो आम्ही डबे पोहोचवता पोहोचवता शिकलो.

सुजाता शिष्यवृत्ती मिळवून कॅनडाला निघाली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. माझ्यासाठी घेतलेली स्टीलची भांडी पलंगाखाली मांडून ठेवली होती, प्रत्येकावर दुकानदाराकडून नाव कोरून घेतलेलं... ‘चि. सौ. कां. नंदा हिस आईकडून’. त्यातला सगळ्यात चांगला, कडीचा, घट्ट झाकणाचा डबा आईनं उचलला, जवसाच्या चटणीनं काठोकाठ भरला आणि सुजाताच्या हातात दिला. मला विचारलंसुद्धा नाही. ‘‘आई, माझ्या नावाचा डबा आहे तो!’’ मी म्हटलं. आई म्हणाली, ‘‘म्हणूनच देऊन राहिली. तिथं तिले कोणाचं तं नाव दिसलं पाहिजे.’’ सुजाता त्या डब्याला पोटाशी धरून फॅक्टरीच्या बसमध्ये चढली. ती परदेशात चालली होती आणि माझा जीव डब्यात अडकला होता. खरं सांगायचं तर डबा हे निमित्त होतं.

शिक्षण संपवून ती त्याच विद्यापीठात चिकटली. तिचं काम काय, हे मला समजायलाच बरीच वर्षं लागली. जगभरातून पोरं येतात, बहुतेक उन्हाच्या देशांतून, आणि तिथे हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो. त्यांना विमानतळावर घ्यायला जायचं, कपड्यांचे थर कसे घालायचे ते दाखवायचं, बर्फावर बदकासारखं पाय टाकत कसं चालायचं ते स्वतः चालून शिकवायचं. तिच्या ऑफिसात एक मोठं कपाट होतं. शिकून जाणारी पोरं आपले जाड कोट तिथे ठेवून जायची आणि नवी आलेली ते घालायची. शिवाय शिकण्याच्या परवान्याची कामं. त्यासाठी तिनं वेगळी परीक्षा दिली होती, कारण तिकडे त्या परीक्षेशिवाय परमिटविषयी सल्ला देता येत नाही म्हणे. इथे साकोलीच्या हायवेवर प्रत्येक पानठेल्यावर व्हिसाचा सल्ला फुकट मिळतो, असं मी तिला चिडवायची. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर पोरांचे वाढदिवस लिहिलेले असायचे आणि त्यांच्या शेजारी परमिट संपायच्या तारखा. कुणाचा वाढदिवस आला की ती विचारायची, ‘‘कागद भरला का? आधी कागद, मग केक.’’

आणि हिवाळ्याच्या तोंडाशी ती मंडई भरवायची. खरंच मंडई. ऑफिसच्या खालच्या हॉलमध्ये टेबलं लावून, प्रत्येक देशाच्या पोरांनी आपापल्या घरचं काही करून आणायचं, गाणी म्हणायची, दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. नावसुद्धा मंडईच. पहिल्या वर्षीचे फोटो पाहिले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सिहोऱ्याची मंडई तिच्या गावची खरी, पण ती आम्हा दोघींची होती. ती तिनं मला न विचारता शंभर अनोळखी पोरांना वाटून टाकली. फोटोत टेबलाच्या मधोमध माझा डबा होता.

त्या डब्यासाठी दर वर्षी मीच जवसाची चटणी करायची, हेही सांगितलं पाहिजे. नागपूरहून तिकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी डबा जायचा, आणि तिकडून येणाऱ्या कुणाबरोबर भरून परत यायचा. कधी त्यात चॉकलेटं, कधी लोकरीचे मोजे, कधी माझ्या वर्गासाठी रंगीत खडू. एका वर्षी मी चटणीच्या खाली मामानं दिलेले सुके झिंगे दडवले. तिला लहानपणी फार आवडायचे. डबा नेणाऱ्या मुलीला मी ते सांगितलंच नाही, मग ती बिचारी कस्टमच्या फॉर्मवर काय लिहिणार? विमानतळावर तासभर तिची उलटतपासणी झाली. कसाबसा डबा सुजाताच्या ऑफिसात पोहोचला आणि तिनं मायेनं तिथेच उघडला. तिकडे हिवाळ्यात खिडक्या उघडत नाहीत! तीन दिवस कपाटातल्या सगळ्या कोटांना आमच्या तलावाचा वास येत होता. रविवारी तिचा फोन आला, हसून हसून ठसका लागलेला. ‘‘नंदे, झिंगे पाठव ना बाई, कोण नाही म्हणते? पण लिहून पाठव! खरं लिहिलं का कोणी काही करत नाही.’’ तिचा फोन नेहमी एकाच प्रश्नानं सुरू व्हायचा, ‘‘आज थंडी किती?’’ मे महिन्यातही. मी म्हणायची, इथं अंडं फुटपाथवर शिजून राहिलं, तू थंडी काय विचारतेस?

मग पल्लवी तिथे गेली. अर्ज अर्थात सुजातानं तपासला. जाताना मी पोरीला स्वतः विणलेला स्वेटर दिला, चार महिने डोळे फोडून विणलेला. पहिल्या हिवाळ्यातला फोटो आला तेव्हा पल्लवीनं कपाटातला कुणाचा तरी लाल कोट घातला होता. स्वेटर आत होता, असं ती म्हणाली. आत असेलही. पुढे तर प्रत्येक वाक्य ‘सुजामावशी म्हणाली’नं सुरू व्हायला लागलं. मावशीनं खिचडी केली, मावशीनं बँकेत नेलं, मावशी म्हणते केस कापू नको. मी फोनवर हो हो म्हणायची आणि फोन ठेवला की भांडी आपटायची. आई मी होते की नाही, असं मला खरोखर वाटायला लागलं.

दुसऱ्या हिवाळ्यात पल्लवीचे फोन तुटक झाले. कॅमेरा बंद, आवाज खोल गेलेला. सगळं ठीक आहे, अभ्यास आहे, एवढंच. आईला कळतं. मी शेवटी सुजाताला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ‘आज थंडी किती’ असं विचारलं नाही.

‘‘सुजा, पोरीले काय झालं?’’

‘‘ते मले सांगता येत नाही, नंदे. तू तिलेच विचार.’’

‘‘म्हणजे काही तरी आहे! काहून सांगत नाही?’’

‘‘पोरगी मोठी आहे. तिनं हो म्हटल्याबिगर मी तिच्या घरच्यायले काही सांगू शकत नाही. इथचा नियम आहे... आणि माझाही आहे.’’

‘‘मी माय आहो तिची! अन् तू मले नियम सांगून राहिली?’’

‘‘तिले विचार, नंदे. रोज विचार. ते सांगन.’’

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. ‘‘तुले स्वतःचं लेकरू नाही, म्हणून लोकायचे लेकरं पदराखाली घेऊन बसली तू.’’ मला वाटलं ती चिडेल. पण ती म्हणाली, ‘‘साकोलीले थंडी आहे का आज?’’ मी फोन ठेवून दिला.

पल्लवीला विचारलं, तर तिनं काही सांगितलं नाही. दोन-तीन महिन्यांनी तिचा आवाज आपोआप सुधारला, कॅमेरा सुरू झाला, आणि मी ठरवलं की काही नव्हतंच, सुजातानं उगाच मोठेपणा केला. त्यानंतर तिचे फोन यायचे, मी उचलायची नाही. दिवाळी आली. मंडईचे दिवस आले. डबा त्या वर्षी तिच्याकडेच राहिला होता, कारण उन्हाळ्यात नागपूरला येणारं तिला कुणी भेटलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, डबा तिच्याकडे, मग चटणी पाठवू कशात? जणू साकोलीच्या बाजारात दुसरा डबाच मिळत नाही. जवस आणून ठेवलं होतं. ते भाजलं नाही. तिच्या शंभर लेकरांपुढे तिचं टेबल रिकामं दिसू दे, असं मला वाटलं होतं. दिसेल तेव्हा तिला माझी आठवण होईल, असंही... आणि जानेवारीत हातपंपापाशी तो फोन आला.

तिचे सगळे विधी तिकडेच झाले. तिचा भाऊ प्रकाशदादा सिहोऱ्याला शेती करतो. त्याचा पासपोर्टच नव्हता. ‘‘दर साली म्हणे, दादा, फॉर्म भरून टाकू,’’ तो मला म्हणाला, ‘‘मी म्हणो, मले कुठं जायचं आहे?’’ जगाचे कागद वेळेत करणाऱ्या बाईच्या सख्ख्या भावाला तिच्यापर्यंत जाता आलं नाही. तिच्या विद्यापीठानं श्रद्धांजलीची सभा ठेवली तेव्हा मी सिहोऱ्याला गेले. अंगणात नव्या धानाची पोती रचली होती. त्यातल्या एका पोत्याला मोबाईल टेकवून आम्ही समोर चटईवर बसलो. आमच्याकडे संध्याकाळ उतरत होती, तिकडे सकाळ होती. पडद्यावर पोरंच पोरं, निरनिराळ्या रंगांची, आणि सगळी तिला ‘ताई’ म्हणत होती. त्यांनी कागदावर पाहून त्रिशरण म्हटलं. उच्चार वाकडेतिकडे होते, पण कुणी मध्येच थांबलं नाही. प्रकाशदादा डोळे पुसत होता. मी पाहत होते, एकेकाच्या अंगावरचा कोट, आणि मनात म्हणत होते, ही माझी होती, तुमच्या आधी माझी होती.

मग घानाची अमा नावाची एक मुलगी बोलायला उठली. पल्लवी तिच्या शेजारी उभी राहून मराठीत सांगत होती. अमा म्हणाली, यंदाच्या मंडईत ताईंनी नेहमीसारखा टेबलाच्या मधोमध स्टीलचा डबा ठेवला. झाकण काढलं तर आत काही नव्हतं. आम्ही विचारलं, चटणी कुठे? ताई म्हणाल्या, माझी मैत्रीण शाळेत शिकवते, तिच्याकडे परीक्षा सुरू असतील, म्हणून उशीर झालाय. पण हा डबा तिचा आहे आणि तो रिकामा परत जायला नको. टिकेल असं काही तरी प्रत्येकानं यात टाका... एवढं सांगून पल्लवीनं सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. परीक्षा नव्हत्या, दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. मी चटईवरून उठले आणि पोत्यांच्या मागे जाऊन रडले, पहिल्यांदा.

पंधरा दिवसांपूर्वी पल्लवी सुट्टीत आली. निघायच्या आधी परमिटची तारीख पाहिली का, हे मी विचारायच्या आत तिनंच सांगितलं, ‘‘पाहिली आई, मावशीनं सवय लावली.’’ बॅगेतून तिनं डबा काढून माझ्यापुढे ठेवला. तो सुजाताच्या ऑफिसात, कोटांच्या कपाटावर होता, नागपूरला जाणाऱ्या माणसाची वाट पाहत. कडी काढली. आत कागदाच्या पुड्या होत्या, सुकलेले खजूर, भोपळ्याच्या बिया, कसली तरी काळी चहापत्ती, शेंगदाण्याची वडी, लाल तिखट. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्याला, मूठभर साखर. ती कुणाची ते पल्लवीला विचारावं लागलं नाही.

आता साकोलीत मोह गळायला लागला आहे. काल पल्लवीची परत जायची तयारी चालली होती. मी स्वयंपाकघरात जवस भाजत होते आणि ती ओट्यापाशी खलबत्ता घेऊन बसली होती. मान वर न करता ती बोलायला लागली. त्या हिवाळ्यात तिला सकाळी उठताच येत नव्हतं. दोन विषय सोडावे लागले, आणि विषय कमी झाले की परमिटही धोक्यात येतं. सुजातानं डॉक्टर गाठून दिला, कागद केले, रोज दुपारी येऊन खोलीतला पडदा उघडला. ‘‘अन् रोज जाताना विचारे, मायले सांगितलं का? मी म्हणो, नाही.’’

‘‘काहून नाही सांगितलं मले?’’

‘‘तू म्हटलं असतं, वापस ये. अन् मी आली असती, आई.’’

मी म्हटलंच असतं. त्या क्षणीही ते ओठांवर आलं होतं, नको जाऊस, वापस ये... कढईतलं जवस तडतडत होतं. मी गॅस बारीक केला आणि विचारलं, ‘‘तिथं आता थंडी किती?’’ पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग ती तासभर बोलत राहिली. सुजाताचा तो नियम मला अजून पटलेला नाही. आईपासून लपवायचं म्हणजे काय? पण ती माझ्यासारखी वागली असती तर माझी मुलगी खलबत्त्यापाशी बसून मला हे सांगत नसती, एवढं मला कळतं. आणि हे कळूनही, तो पडदा रोज उघडणारा हात माझा नव्हता, याची जळजळ काही जात नाही. ती जाईल असं वाटत नाही.

डबा भरला. खाली झिंगे, वर चटणी. पल्लवीला म्हटलं, फॉर्मवर झिंगे लिही. ‘‘अन् हा देऊ कोणाले?’’ तिनं विचारलं. ‘‘त्या कपाटातल्या कोटवाल्यायले दे,’’ मी म्हटलं, ‘‘खा म्हणावं पोटभर. पण वरचं नाव वाचून दाखवजो त्यायले. डबा माझा आहे. मंडईच्या आधी वापस पाहिजे... अन् रिकामा नाही.’’